पहिलं सर्टिफिकेट कोणतं?

"सेल्सफोर्सचं अ‍ॅडमिन करू की थेट डेव्हलपर?" हा प्रश्न मला विचारणाऱ्यांमध्ये नुकतं बी.कॉम. झालेली मुलं असतात, हिंजवडीत चार वर्षं टेस्टिंग करून कंटाळलेले असतात आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा नोकरीचा विचार करणाऱ्या आयाही असतात. बहुतेकांनी क्लासची फी आधीच विचारून ठेवलेली असते. कुणाच्या मावसभावाने सांगितलेलं असतं की डेव्हलपरला पॅकेज जास्त. कुणी ऐकलेलं असतं की अ‍ॅडमिन सोपं, ते आधी उरकून टाकावं.

या दोन्ही सल्ल्यांमध्ये एक गोष्ट राहून जाते. परीक्षा दीड-पावणेदोन तासांत संपते, पण त्या परीक्षेमागचं काम रोज आठ तास करायचं असतं. म्हणून आधी काम निवडायचं. काम ठरलं की सर्टिफिकेटचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. ती निवड कशी करायची, हे या लेखात एका उदाहरणातून पाहू.

आधी थोडी ओळख

सेल्सफोर्स ही 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली कंपनी. ग्राहकांशी होणारा सगळा व्यवहार, म्हणजे चौकशी, भेट, कोटेशन, विक्री, तक्रार, एका जागी नोंदवणारं सॉफ्टवेअर ती विकते. या प्रकाराला सीआरएम म्हणतात, आणि न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात कंपनीचं संक्षिप्त नावही 'सीआरएम' हेच आहे. हे सॉफ्टवेअर तुमच्या संगणकावर बसत नाही, ब्राउझरमध्ये उघडतं. ग्राहक कंपनी ते भाड्याने वापरते आणि आपल्या धंद्याला साजेल असं वळवून घेते. वळवून घेण्याचं हे काम करणाऱ्या माणसांना मागणी असते, आणि त्यांच्यासाठीच या परीक्षा आहेत.

परीक्षांची यादी लांबलचक आहे. पण सुरुवात करणाऱ्याला खरी निवड तिन्हींतूनच करायची असते: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, प्लॅटफॉर्म अ‍ॅप बिल्डर आणि प्लॅटफॉर्म डेव्हलपर. यांची नावं मधूनमधून बदलतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला आता 'प्लॅटफॉर्म अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणतात, तर डेव्हलपरच्या नावापुढचा 'वन' गेला. नोकरीच्या जाहिरातीत जुनं नाव दिसलं तर ती वेगळी परीक्षा समजू नका.

एक कंपनी, तीन कामं

समजा, नाशिक जिल्ह्यात ठिबक सिंचनाचे संच विकणारी एक कंपनी आहे. तीस विक्री प्रतिनिधी, तालुक्या-तालुक्यात डीलर. आजवर शेतकऱ्यांच्या चौकशा कुणाच्या वहीत, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, तर कुणाच्या नुसत्या डोक्यात. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की फोन थांबत नाहीत आणि निम्म्या चौकशा हरवतात. मालकांनी सेल्सफोर्स घेतलं. आता पुढे काय?

पहिला माणूस अ‍ॅडमिन. तो तीस जणांची खाती उघडतो आणि कुणाला काय करता येईल ते प्रोफाइल आणि परमिशन सेटमधून ठरवतो. मग खरा प्रश्न येतो: दिंडोरीच्या प्रतिनिधीला निफाडच्या चौकशा दिसाव्यात का? मालक म्हणतात, नको, एकमेकांचे ग्राहक पळवतील. अ‍ॅडमिन सगळ्यांच्या नोंदी मुळातच खाजगी ठेवतो आणि वरिष्ठाला हाताखालच्यांचं दिसावं म्हणून भूमिकांची उतरंड लावतो. दोन तालुके एकत्र सांभाळणाऱ्यांसाठी तो वेगळा शेअरिंग नियम करतो. मोबाईल नंबर दहा आकडी नसेल तर नोंद सेव्ह होऊ नये, असा नियमही तोच घालतो. जुन्या एक्सेलमधून चार हजार नावं आत घेताना एकच शेतकरी तीनदा आला, तर ते निस्तरणं त्याच्याकडे. प्रतिनिधी नोकरी सोडून गेला, तर त्याचं खातं इथे पुसता येत नाही, फक्त निष्क्रिय करता येतं. मग त्याच्या नावावरच्या चौकशा दुसऱ्याकडे वळवायच्या. आणि सोमवारी सकाळी मालकांना हवा असलेला तालुकावार रिपोर्टही तोच काढून देतो.

दुसरा माणूस अ‍ॅप बिल्डर. सेल्सफोर्समध्ये लीड, अकाउंट, कॉन्टॅक्ट, अपॉर्च्युनिटी हे खण तयार मिळतात, पण 'शेत' नावाचा खण मिळत नाही. आपल्या कंपनीचा सगळा धंदा शेताभोवती: क्षेत्र किती, पीक कोणतं, पाणी विहिरीचं की बोअरचं. अ‍ॅप बिल्डर 'शेत' आणि 'भेट' अशी दोन नवी ऑब्जेक्ट, म्हणजे असे दोन खण, बनवतो. त्यांना जोडायचं कसं? मास्टर-डिटेल नात्याने जोडलं, तर एका शेतावर किती भेटी झाल्या याची बेरीज आपोआप मिळते, पण शेताची नोंद पुसली की तिच्या सगळ्या भेटीही जातात. सैल लुकअप नात्याने जोडलं, तर भेटी वाचतात, पण ती आयती बेरीज हातची जाते. इथे कोड लिहायचा नसतो, पण चुकलात तर सहा महिन्यांनी भोगावं लागतं. चौकशी आल्यापासून तीन दिवसांत भेट झाली नाही, तर वरिष्ठाला सूचना जावी, यासाठी तो 'फ्लो', म्हणजे कोडशिवाय आपोआप चालणारी कामांची साखळी, रचतो. मोबाईलच्या स्क्रीनवर काय आधी दिसावं, हेही तोच ठरवतो, कारण प्रतिनिधी बांधावर उभा असतो, टेबलापाशी नसतो.

तिसरा डेव्हलपर. कंपनीची बिलं दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतात आणि मालाचा साठा तिथेच कळतो. दोन्ही सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलावीत, हे काम नुसतं माऊसने होत नाही. तिथे एपेक्स भाषेत कोड लिहावा लागतो. एपेक्सचा तोंडवळा जावासारखा आहे, आणि माहिती शोधायची भाषा एसक्यूएलच्या घरातली. ओळींमधलं अंतर आणि क्षेत्र टाकलं की किती मीटर नळी लागेल ते दाखवणारी स्क्रीन हवी असेल, तर जावास्क्रिप्टमधलं लायटनिंग वेब कम्पोनंट बनवायचं. सेल्सफोर्सची जागा अनेक कंपन्यांमध्ये वाटलेली असल्याने एकाच्या कोडने सगळ्यांचं पाणी तोडू नये, म्हणून मर्यादा घातलेल्या आहेत. नेहमीच्या एका व्यवहारात 100 वेळाच शोध घेता येतो. ज्याने लूपच्या आत शोध लिहिला, त्याचा कोड दहा नोंदींवर चालतो आणि दोनशेवर आपटतो. शिवाय किमान 75 टक्के कोडची चाचणी लिहिल्याशिवाय तो प्रत्यक्ष वापराच्या ऑर्गमध्ये, म्हणजे कंपनीच्या चालू सेल्सफोर्समध्ये, जातच नाही.

आता स्वतःला विचारा: या तीन परिच्छेदांपैकी कोणता वाचताना "मी असं केलं असतं" असं मनात आलं? उत्तराचा पहिला धागा तिथे आहे.

परीक्षेचं गणित

तिन्ही परीक्षांचा सांगाडा सारखाच आहे. गुण मिळणारे 60 प्रश्न आणि 105 मिनिटं. काही बिनगुणांचे प्रश्नही मधे मिसळलेले असतात, पण ते कोणते हे कळत नाही, म्हणून सगळे मनापासून सोडवायचे. उत्तीर्ण व्हायला अ‍ॅडमिनला 65 टक्के, अ‍ॅप बिल्डरला 63 आणि डेव्हलपरला 68 लागतात. म्हणजे साठांपैकी अनुक्रमे 39, 38 आणि 41 बरोबर. दोन-तीन प्रश्नांच्या या फरकावरून कोणती सोपी, कोणती अवघड हे ठरवू नका. फरक अभ्यासक्रमात आहे.

अ‍ॅडमिनचा पसारा आडवा असतो: सेटअप, सुरक्षा, विक्री, तक्रार निवारण, रिपोर्ट, ऑटोमेशन, सगळ्यातलं थोडं थोडं. अ‍ॅप बिल्डरमध्ये विषय कमी, पण खोल. त्यात सगळ्यात जास्त वजन ऑटोमेशनला, आणि माहितीच्या रचनेलाही बरंच. डेव्हलपरमध्ये कोडची तर्करचना, स्क्रीन आणि चाचणी यांवरच तीन चतुर्थांश प्रश्न. तिथे "फ्लोने होत असेल तर कोड लिहू नका" असाही प्रश्न येतो, आणि कोडप्रेमी मंडळी नेमकी तिथेच चुकतात.

प्रत्येक परीक्षेचं शुल्क 200 डॉलर आणि वर कर. आपल्या पैशात वीस हजारांच्या घरात जातं. नापास झाल्यास पुन्हा बसायला निम्मं शुल्क. रक्कम भरण्याआधी अधिकृत पानावरचा त्या दिवसाचा आकडा पाहाच. तिन्हींपैकी कोणत्याही परीक्षेला दुसरी आधी पास झाली पाहिजे अशी अट नाही. "अ‍ॅडमिनशिवाय डेव्हलपरला बसताच येत नाही" असं कुणी सांगत असेल, तर त्याला बहुधा दोन कोर्स विकायचे आहेत.

तुम्ही कुठून येताय?

बी.कॉम., बी.बी.ए., विक्री, बँकेचं बॅक ऑफिस, कॉल सेंटर: तुमचा प्रवास अ‍ॅडमिनपासून. तुम्हाला धंदा कळतो, ग्राहकाची भाषा येते, आणि अ‍ॅडमिनच्या कामाला हेच भांडवल लागतं. त्यानंतर तीन-चार महिन्यांत अ‍ॅप बिल्डर द्या. दोन्ही अभ्यासक्रमांत बरंच काही सामाईक आहे, त्यामुळे दुसऱ्या परीक्षेची मेहनत निम्म्यावर येते. मात्र दोन्हींत वर्षाचं अंतर पडलं, तर तो फायदा विरून जातो.

अभियांत्रिकी किंवा एम.सी.ए., आणि जावा किंवा सी शार्प खरोखर लिहिता येतं: थेट डेव्हलपर दिलं तरी चालेल. पण अ‍ॅडमिनचा अभ्यास टाळू नका, परीक्षा टाळलीत तरी. सुरक्षेची उतरंड माहीत नसलेला डेव्हलपर तीस ओळींचा कोड लिहून बसतो आणि शेजारचा अ‍ॅडमिन तेच दोन क्लिकमध्ये करून दाखवतो.

टेस्टिंग किंवा सपोर्टमध्ये आहात आणि प्रोजेक्ट सेल्सफोर्सचाच आहे: तुम्ही अर्धे अ‍ॅडमिन झालेलेच आहात. ती परीक्षा द्या आणि मग ठरवा. टेस्टर मंडळींना कुठे काय फुटतं हे ठाऊक असतं, त्यामुळे पुढे डेव्हलपरकडे वळणं त्यांना इतरांपेक्षा सोपं जातं.

मोठ्या खंडानंतर परत येताय: तुमची अडचण ज्ञानाची कमी आणि अलीकडच्या अनुभवाची जास्त असते. इथे एक वाट उपयोगी पडते. पात्र सामाजिक संस्थांना सेल्सफोर्स दहा लायसन्स विनामूल्य देतं. ओळखीच्या एखाद्या संस्थेला देणगीदारांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या नोंदी व्यवस्थित लावून द्यायची तयारी दाखवा. अ‍ॅडमिनच्या सर्टिफिकेटसोबत रेझ्युमेमध्ये एक खरं काम आलं, की मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दलचे प्रश्न कमी होतात आणि त्या कामाबद्दलचे वाढतात.

जाहिराती वाचायची एक रीत

ऐकीव माहितीवर जाण्यापेक्षा एक दुपार काढा. नोकरीच्या पोर्टलवर तुमच्या शहरातल्या, तुमच्या अनुभवाच्या वीस जाहिराती उघडा आणि कागदावर तीन रकाने आखा: पदाचं नाव, मागितलेलं सर्टिफिकेट आणि 'जबाबदाऱ्या' या मथळ्याखालची क्रियापदं. तिसरा रकाना महत्त्वाचा. पदाचं नाव 'अ‍ॅडमिन' असून जबाबदाऱ्यांत ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) आणि इंटिग्रेशन (दोन सॉफ्टवेअर जोडणं) लिहिलं असेल, तर ती डेव्हलपरचीच जागा आहे. पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांत असे मिश्र पदार्थ पुष्कळ. स्वतः सेल्सफोर्स वापरणाऱ्या कंपनीत, म्हणजे बँक, औषध कंपनी, वाहन कंपनी अशा ठिकाणी, अ‍ॅडमिनचं काम जास्त निखळ स्वरूपात मिळतं.

तुम्ही सेवा कंपनीत असाल, तर मॅनेजर सर्टिफिकेटसाठी एवढा मागे का लागतो हेही समजून घ्या. सेल्सफोर्सच्या भागीदार कंपन्यांचा दर्जा ठरवताना त्यांच्याकडे किती प्रमाणित माणसं आहेत हे मोजलं जातं. म्हणून अनेक कंपन्या परीक्षेचं शुल्क परत देतात, बहुधा पास झाल्यावरच. त्याचा लाभ जरूर घ्या. पण कंपनीला कोणतं सर्टिफिकेट कमी पडतंय आणि तुम्हाला कोणतं हवंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

क्लास, ट्रेलहेड आणि डंप

अभ्यासाचं मुख्य साहित्य फुकट आहे. 2014 मध्ये सुरू झालेल्या ट्रेलहेड या अधिकृत संकेतस्थळावर धडे, सराव आणि छोट्या कसोट्या मिळतात. स्वतःचा मोफत डेव्हलपर ऑर्गही उघडता येतो, त्यात हवी तेवढी मोडतोड करा. क्लास लावायला हरकत नाही. शिस्त लागते, शंका विचारता येतात. पण फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. रोज ऑर्गमध्ये हाताने काम करून घेतात का? शिकवणाऱ्याने अलीकडे प्रत्यक्ष प्रोजेक्टवर काम केलंय का? आणि वर्कफ्लो रूल, प्रोसेस बिल्डर यांवर किती दिवस देतात? या दोन जुन्या साधनांचा आधार डिसेंबर 2025 अखेर संपला आहे आणि त्यांची जागा फ्लोने घेतली आहे. जुन्या प्रोजेक्टमध्ये ती भेटतील म्हणून ओळख हवी, पण आठवडा त्यांच्यावरच घालवणारा क्लास जुन्या नोट्स खपवतोय.

डंप, म्हणजे परीक्षेतून चोरून आणलेले प्रश्न आणि उत्तरं, टेलिग्रामवर सहज मिळतात. त्यातली उत्तरं पुष्कळदा चुकीची असतात. शिवाय ते वापरणं परीक्षेच्या कराराचा भंग आहे आणि पकडलं गेल्यास सर्टिफिकेट रद्द होतं. पण खरा तोटा मुलाखतीत होतो. मी उमेदवारांना एक साधा प्रश्न विचारतो: "मॅनेजर म्हणतोय, मला माझ्या टीमचे व्यवहार दिसत नाहीत. कुठे कुठे बघाल?" पाच सर्टिफिकेटं असलेला एक मुलगा या प्रश्नावर गप्प बसलेला मी पाहिला आहे. हाताने काम केलेला माणूस मात्र बोटं मोजत सांगतो. त्या ऑब्जेक्टवर वाचायची परवानगी आहे का? नोंदी मुळात खाजगी आहेत का? असतील तर भूमिकांच्या उतरंडीत मॅनेजर खरोखर टीमच्या वर आहे का? शेअरिंग नियम काय म्हणतो? आणि सगळ्यात आधी, त्याने रिपोर्टच्या फिल्टरमध्ये 'माझे व्यवहार' तर निवडलेलं नाही ना? पुष्कळदा गाडं तिथेच अडलेलं असतं.

एआयचं सर्टिफिकेट आधी घेऊ का?

सेल्सफोर्सने 2024 मध्ये एजंटफोर्स आणलं आणि तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. ग्राहकाशी स्वतः बोलून कामं उरकणारे एआय एजंट त्यात बनवता येतात. विषय महत्त्वाचा आहे, पण पहिली पायरी म्हणून नाही. आपल्या ठिबक कंपनीचा एजंट शेतकऱ्याला भेटीची तारीख देणार असेल, तर तारीख ठरवणारा फ्लो कुणीतरी रचलेला हवा. एजंटने दुसऱ्याच शेतकऱ्याचा पत्ता सांगू नये, म्हणून परवानग्या नीट लावलेल्या हव्यात. एजंट चालतो तो अ‍ॅडमिन, बिल्डर आणि डेव्हलपर यांनी बांधलेल्या पायावरच. पहिलं सर्टिफिकेट हातात आलं की मग तिकडे वळा.

मिळालं, आता टिकवा

सेल्सफोर्समध्ये वर्षातून तीनदा मोठे बदल येतात: स्प्रिंग, समर आणि विंटर. त्यामुळे सर्टिफिकेट जिवंत ठेवायला दरवर्षी ट्रेलहेडवरचा एक मोफत धडा मुदतीत पूर्ण करावा लागतो. तास-दोन तासांचं काम, पण मुदत हुकली तर सर्टिफिकेट रद्द आणि परीक्षा पहिल्यापासून. म्हणून नोंदणी करताना ऑफिसचा नव्हे, स्वतःचा ईमेल द्या. नोकरी बदलल्यावर जुन्या पत्त्यावर गेलेल्या सूचना कुणीच वाचत नाही. आणि सर्टिफिकेटं गोळा करण्याच्या नादाला लागू नका. प्रत्येकासाठी दरवर्षी असा धडा पूर्ण करावा लागतो, आणि मुलाखतीत प्रत्येकावर प्रश्न येऊ शकतो.

तीन संध्याकाळी

एवढं वाचूनही ठरत नसेल, तर पैसे भरण्याआधी तीन संध्याकाळी काढा. मोफत ऑर्ग उघडा आणि ओळखीचा एखादा धंदा निवडा: काकांचं हार्डवेअरचं दुकान, बहिणीचं पाळणाघर, कॉलनीतला डबेवाल्या काकूंचा व्यवसाय.

पहिल्या संध्याकाळी दोन युजर बनवा आणि एकाची नोंद दुसऱ्याला दिसणार नाही अशी व्यवस्था करा. मग दोघांना पाहणारा वरिष्ठ नेमा आणि एक रिपोर्ट काढा. दुसऱ्या संध्याकाळी त्या धंद्यासाठी दोन नवी ऑब्जेक्ट आखा, त्यांचं नातं ठरवा आणि उधारी ठरावीक रकमेवर गेली की सूचना जाईल असा फ्लो रचा. तिसऱ्या संध्याकाळी ट्रेलहेडच्या मदतीने एपेक्सचा एक छोटा ट्रिगर लिहा, त्याची चाचणी लिहा आणि तो लाल अक्षरांत चुका दाखवेल तेव्हा त्या शोधत बसा.

तिन्ही दिवशी काहीतरी अडेलच. कोणत्या दिवशी अडलेलं सुटेपर्यंत जेवायला उठावंसं वाटलं नाही, तेवढं लक्षात ठेवा. ते 200 डॉलर त्या संध्याकाळवर लावा.